करिबाच्या तळ्याचा हिशेब

नवें वर्ष लागलें कीं आफ्रिका खंडांतील झांबिया देशाची राजधानी जें लुसाका शहर, तेथील एका कचेरींत दरवर्षीं एकच प्रश्न नव्यानें उभा राहतो : यंदां करिबाच्या तळ्यांतून किती पाणी काढावयाचें आणि किती राखावयाचें ? प्रश्न गृहिणीच्या धान्याच्या हिशेबासारखा दिसतो, आणि खरोखर त्याचें स्वरूपहि तेंच आहे. फरक एवढाच कीं, ही कणगी दोन देशांच्या सामायिक मालकीची आहे. तिच्यांत भर केव्हां पडेल व किती पडेल हें कोणाच्याच हातीं नाहीं. आणि तिचें दार भलत्या वेळीं उघडलें तर तिसऱ्याच देशांतील माणसांचीं घरें पाण्याखालीं जातात. एखादी मोठी नदी अनेक राष्ट्रांच्या वांट्यास आली असतां तिच्यावरील धरणाचा कारभार कसा चालतो, हें समजून घेण्यास करिबासारखें दुसरें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

झांबेझी ही लांबीच्या मानानें आफ्रिकेंतील चौथी नदी. झांबियाच्या वायव्य कोपऱ्यांत तिचा उगम आहे. तेथून कांहीं अंतर ती अंगोला देशांतून वाहते, पुन्हां झांबियांत येते, नामिबिया व बोट्स्वाना यांच्या सीमेस ओझरता स्पर्श करते, आणि पुढें झांबिया व झिंबाब्वे या दोन देशांमधील सीमारेषाच बनते. जगप्रसिद्ध व्हिक्टोरिया धबधबा याच सीमेवर आहे. शेवटीं मोझांबिक देश ओलांडून ती हिंदी महासागरास मिळते. मलावी व टांझानिया या देशांचें कांहीं पाणीहि शिरे नांवाच्या उपनदीच्या द्वारें तिला येऊन मिळतें. अशा रीतीनें आठ देशांचें पाणी वाहून नेणाऱ्या या नदीचें खोरें महाराष्ट्राच्या चौपटीहूनहि मोठें आहे.

व्हिक्टोरिया धबधब्याच्या खालीं कित्येक मैल गेल्यावर नदी एका अरुंद घळींत शिरते. ही करिबाची घळ. दोन्ही कांठांस उभे कडे, मध्यें खोल प्रवाह आणि वरच्या अंगास लांबच लांब दरी, अशी जागा पाहून धरण बांधणाऱ्यांस मोह न पडता तरच नवल. १९५३ सालीं ब्रिटिशांनीं उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण ऱ्होडेशिया व न्यासालँड या तीन प्रदेशांचें मिळून एक संघराज्य स्थापन केलें होतें. उत्तरेकडे तांब्याच्या खाणी, दक्षिणेकडे वाढतीं शहरें व कारखाने. दोहोंनाहि वीज हवी होती. १९५५ सालीं करिबाचें धरण बांधण्याचें ठरलें, आणि पुढील वर्षीं जागतिक बँकेनें त्यासाठीं ८ कोटि डॉलरांचें कर्ज मंजूर केलें. आंद्रे कॉइन या फ्रेंच अभियंत्यानें धरणाची आंखणी केली व इटालियन कंत्राटदारांनीं तें उभारलें.

हें धरण मातीच्या भरावाचें किंवा केवळ स्वतःच्या वजनावर उभें राहणारें नाहीं. तें एका कमानीच्या आकाराचें आहे. पुलाची कमान आडवी निजवून दोन डोंगरांच्या मध्यें बसविली, अशी कल्पना श्रोत्यांनीं करावी. कमानीचा फुगवटा पाण्याकडे असतो. पाणी तिला रेटूं लागलें म्हणजे तो रेटा कमानीच्या दोन्ही टोंकांकडे जातो, आणि कांठांवरील खडक तो आपल्या अंगावर घेतात. त्यामुळें थोड्या काँक्रीटांत फार मोठें काम होतें. करिबाची भिंत १२८ मीटर उंच असून तिच्या माथ्याची लांबी ६१७ मीटर आहे. भिंतीच्या पोटांत सहा प्रचंड दरवाजे आहेत. ते सारे उघडले असतां सेकंदाला ९,००० घनमीटरांहून अधिक पाणी बाहेर पडूं शकतें.

नदीनें हें काम सुखासुखीं होऊं दिलें नाहीं. १९५७ सालीं मोठा पूर आला. त्यासारखा पूर पुन्हां इतक्यांत येणार नाहीं अशी सर्वांची समजूत होती. परंतु मार्च १९५८ मध्यें त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सेकंदाला सुमारें १६,००० घनमीटर पाण्याचा लोंढा आला. बांधकामाच्या रक्षणार्थ घातलेला तात्पुरता बांध बुडाला, पूल वाहून गेले. त्या दरींत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या टोंगा लोकांस याचें मुळींच आश्चर्य वाटलें नाहीं. सर्पाचें शरीर व माशाचें तोंड असलेला न्यामीन्यामी नांवाचा देव नदींत वास करतो, आणि ही भिंत त्याची व त्याच्या पत्नीची ताटातूट करणार म्हणून तो कोपला आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. देवाचा कोप मानणें न मानणें ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. नदी मोजण्यास माणसानें घेतलेलीं वर्षें फार थोडीं होतीं, हें मात्र अभियंत्यांनाहि त्या दोन पुरांनीं शिकविलें.

अखेर डिसेंबर १९५८ मध्यें नदी अडविण्यांत आली, आणि १७ मे १९६० रोजीं इंग्लंडच्या राणीच्या मातोश्रींच्या हस्तें धरणाचा उद्घाटन-समारंभ झाला. तळें पूर्ण भरण्यास १९६३ साल उजाडलें. बांधकामांत ८६ कामगारांनीं प्राण गमावले. आणि सुमारें ५७,००० टोंगा लोकांना आपलीं घरें, नदीकांठचीं सुपीक शेतें व पूर्वजांचीं थडगीं सोडून जावें लागलें. सप्टेंबर १९५८ मध्यें उत्तर तीरावरील एका गांवच्या लोकांनीं हलण्यास नकार दिला, तेव्हां झालेल्या गोळीबारांत आठ माणसें मृत्युमुखीं पडलीं. एलिझाबेथ कोल्सन व थेयर स्कडर या मानववंशशास्त्रज्ञांनीं १९५६ पासून अनेक दशकें या लोकांचा अभ्यास केला. पाण्यांत सांपडलेलीं हजारों रानटी जनावरें वांचविण्याच्या मोहिमेची कीर्ति जगभर झाली. परंतु हलविलेल्या माणसांच्या वांट्यास बहुतेक ठिकाणीं हलकी जमीन व अपुरें पाणी आलें, आणि ज्या विजेसाठीं त्यांचीं घरें गेलीं, ती वीज त्यांच्या अनेक गांवांत कित्येक वर्षें पोंचली नाहीं. तळ्याच्या हिशेबांत ही बाकी अद्यापि पुरती फिटलेली नाहीं.

आतां तळ्याकडे वळूं. करिबाचें तळें सुमारें २८० किलोमीटर लांब असून त्यांत भरतीच्या वेळीं १८० अब्ज घनमीटर पाणी मावतें. आपल्या कोयनेच्या शिवसागर जलाशयाची धारणशक्ति १०५ अब्ज घनफूट आहे; अशीं साठ तळीं एकत्र केलीं म्हणजे एक करिबा होतें. पाण्याच्या मानानें मानवनिर्मित तळ्यांत जगांत याहून मोठें तळें नाहीं. परंतु एवढें सारें पाणी कामास येतें असें मात्र नाहीं. समुद्रसपाटीपासून ४८८.५० मीटर ही पाण्याची वरची मर्यादा व ४७५.५० मीटर ही खालची मर्यादा ठरलेली आहे. खालच्या रेषेखालीं विद्युद्गृहांनीं पाणी घ्यावयाचें नाहीं. म्हणजे १२८ मीटरांच्या भिंतीमागील केवळ वरचे १३ मीटर पाणी हेंच खरें भांडवल. त्याचें मोजमाप सुमारें ६५ अब्ज घनमीटर भरतें. उरलेलें पाणी म्हणजे घरांतील पुरलेलें धन, दिसावयास असतें, खर्चावयास नसतें. शिवाय आफ्रिकेच्या उन्हांत या विस्तीर्ण पृष्ठभागावरून दरवर्षीं दीड मीटरांहून अधिक जाडीचा थर वाफ होऊन जातो. हा कर सूर्यनारायण न चुकतां वसूल करतो. त्यास सूट नाहीं.

या भांडवलांत भर पडते तीहि एकदम पडत नाहीं. तेथें पाऊस नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत पडतो. तळ्याच्या आसपासच्या, ग्वाई व सान्याती यांसारख्या नद्यांचें पाणी जानेवारी ते मार्च या काळांत धांवत येतें. परंतु मुख्य नदीचें पाणी वरच्या बाजूस बारोत्सेच्या सपाट मैदानांत पसरतें, तेथें रेंगाळतें, आणि व्हिक्टोरिया धबधब्यावर त्याचा जोर एप्रिल महिन्याच्या सुमारास दिसतो. आषाढांतील पावसाचें पाणी दिवाळीच्या सुमारास दारीं यावें, तसा हा प्रकार आहे. त्यामुळें तळें सर्वांत अधिक भरलेलें असतें तें पाऊस संपून गेल्यावर, जून-जुलैमध्यें.

कारभाऱ्यांची खरी अडचण येथेंच आहे. जवळचा पूर दारांत उभा असतो, दूरचा पूर अजून मैदानांत असतो, आणि तो किती मोठा आहे हें पुरतें कळलेलें नसतें. अशा वेळीं तळें कांठोकांठ ठेवलें तर पुराला जागा राहत नाहीं व दरवाजे एकाएकीं उघडावे लागतात. उलट, पुराच्या भीतीनें तळें आगाऊ रितें केलें आणि पाऊस कमी झाला, तर पुढील वर्षभर विजेचा दुष्काळ. म्हणून वर्षाच्या प्रत्येक वेळीं तळें किती उंचीवर असावें याचें एक कोष्टक ठरविलेलें असतें. त्या कोष्टकाप्रमाणें पावसाळ्याच्या तोंडाशीं पुरासाठीं जागा मोकळी ठेवतात. हें कोष्टक मागील अनेक वर्षांच्या अनुभवावर आधारलेलें आहे. त्याचा दोषहि हाच कीं, पुढील वर्ष मागील वर्षांसारखेंच वागेल असें तें धरून चालतें.

या कोष्टकाची अंमलबजावणी कोणी करावयाची, हा पुढचा प्रश्न. १९६३ च्या अखेरीस संघराज्य मोडलें. उत्तर ऱ्होडेशिया १९६४ सालीं झांबिया या नांवानें स्वतंत्र झाला, आणि दक्षिणेकडील गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारनें १९६५ सालीं ब्रिटनपासून फुटून स्वातंत्र्य पुकारलें. त्या वेळीं करिबाचें एकच विद्युद्गृह होतें व तें दक्षिण तीरावर होतें. म्हणजे झांबियाच्या तांब्याच्या खाणी ज्या विजेवर चालत, तिची कळ वैरी झालेल्या शेजाऱ्याच्या दारांत होती. झांबियानें या परिस्थितींतून वाट काढण्यासाठीं काफूए नदीवर निराळें विद्युद्गृह उभारलें, आणि १९७० नंतरच्या दशकांत करिबाच्या उत्तर तीरावरहि आपलें विद्युद्गृह बांधलें. १९७३ सालीं दोन्ही देशांमधील सरहद्द बंद झाली. तरीहि तारांतून वीज वाहत राहिली. संघराज्य मोडतांना वीज सामायिक ठेवण्यासाठीं जें मंडळ स्थापन झालें होतें, तें राजकारणाच्या वादळांतहि टिकलें. भाऊ विभक्त होतात, कोर्टकचेऱ्या होतात, पण विहिरीवरील मोट दोघांनाहि सोडतां येत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार.

झिंबाब्वे १९८० सालीं स्वतंत्र झाल्यावर १९८७ मध्यें दोन्ही देशांनीं सारखेच कायदे करून झांबेझी नदी प्राधिकरण स्थापन केलें. लुसाका येथील कचेरी ती हीच. दोन्ही देशांचे समसमान मंत्री हिच्यावर देखरेख करतात. धरण, दरवाजे व तळें हीं प्राधिकरणाच्या ताब्यांत; विद्युद्गृहें मात्र ज्याचीं त्याच्याकडे. प्राधिकरण दरवर्षीं तळ्याचा अंदाज घेऊन वीजनिर्मितीसाठीं पाण्याचा आंकडा जाहीर करतें, आणि तो दोघांत निम्मानिम वांटतें.

वांटणी कागदावर जितकी सोपी, तितकी व्यवहारांत नाहीं. विजेची भूक वाढली म्हणून दोन्ही देशांनीं आपापल्या विद्युद्गृहांचा विस्तार केला. उत्तरेचें सामर्थ्य १,०८० मेगावॉट झालें. २०१८ सालीं दक्षिणेचें १,०५० मेगावॉट झालें. दोहोंची बेरीज आपल्या सबंध कोयना प्रकल्पाहून थोडी अधिक भरते. परंतु हीं सारीं यंत्रें अहोरात्र पूर्ण वेगानें चालवावयाचीं म्हटल्यास नदी सरासरीनें आणते त्याहून पुष्कळ अधिक पाणी लागेल. नवीं यंत्रें संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीं उपयोगी पडतात. तीं पाणी निर्माण करीत नाहींत. जातीं वाढविलीं म्हणून दाणे वाढत नाहींत.

२०२२ सालीं याचा प्रत्यय आला. त्या वर्षासाठीं प्रत्येक देशाला २२.५० अब्ज घनमीटर पाणी ठरवून दिलेलें होतें. नोव्हेंबरच्या अखेरीस प्राधिकरणानें दक्षिण तीरावरील विद्युद्गृहास कळविलें कीं, त्यानें २३.८९ अब्ज घनमीटर पाणी वापरलें असून तळ्यांतील उपयुक्त सांठा केवळ ४.६ टक्के उरला आहे. सबब वर्षअखेरपर्यंत वीजनिर्मिति थांबवावी. त्या वेळीं झिंबाब्वेची बहुतांश वीज याच विद्युद्गृहाची होती. तें अजिबात बंद करणें म्हणजे रुग्णालयें, कारखाने व घरें अंधारांत लोटणें. शेवटीं थोड्या यंत्रांवर काम चालूं ठेवण्याची तडजोड झाली. पण पुढील आठवडे लोकांनीं दिवसांतील बहुतेक तास विजेवांचून काढले, आणि झांबियासहि आपली निर्मिति आंखडती घ्यावी लागली. वांट्याहून अधिक घेणाऱ्यास दोष देणें सोपें आहे. परंतु रात्रीं दिवे विझतात तेव्हां नागरिक आपल्याच सरकारास जाब विचारतात, नदीच्या प्राधिकरणास नव्हे. आणि मोह होतो तो तेथेंच. २०२४ सालीं पुन्हां भयंकर अवर्षण पडलें. त्या वर्षीं वांटावयाचा आंकडा एकंदर १६ अब्ज घनमीटरांवर आला. प्रत्येकाच्या पदरीं आठ. यंत्रें तींच, माणसें अधिक, आणि पाणी दोन वर्षांपूर्वींच्या निम्म्याहून थोडें.

हा झाला दोघां मालकांचा व्यवहार. परंतु करिबाच्या खालींहि नदी आहे, आणि तिच्यावर जगणारीं माणसें आहेत. करिबाचें पाणी पुढें जातें तों काफूए व लुआंग्वा या नद्या तिला मिळतात, आणि मोझांबिकांत शिरतांच काहोरा बासाचें तळें लागतें. पोर्तुगीज राजवटींत बांधलेलें हें धरण १९७४ च्या अखेरीस भरूं लागलें. त्याची बरीच वीज दक्षिण आफ्रिकेंत जाते. करिबाचे दरवाजे केव्हां व किती उघडणार, हें काहोरा बासाच्या कारभाऱ्यांस आगाऊ कळलें, तर ते आपल्या तळ्यांत जागा करूं शकतात. न कळलें, तर लुआंग्वेचा अनिर्बंध पूर व करिबाचें सोडलेलें पाणी एकाच वेळीं येऊन पडण्याचा धोका. २००१, २००७ व २००८ या सालीं मोझांबिकांत झांबेझीच्या महापुरांनीं हजारों कुटुंबें बेघर झालीं. अशा वेळीं आकाशांतून किती पाणी पडलें इतकाच तारेवरील निरोपहि किती लवकर पोंचला याला महत्त्व असतें.

उलट बाजूहि लक्षांत घेण्याजोगी आहे. पूर मुळींच न येणें हेंहि नदीच्या मुखाकडील लोकांस जाचक झालें आहे. पूर्वीं दरवर्षीं पूर येई, गाळ पसरे, गवताळ राने व खारफुटीचीं बनें पोसलीं जात, आणि मुखापुढील समुद्रांत कोळंबी वाढे. दोन मोठीं धरणें झाल्यावर नदी बारमाही एकसारखी वाहूं लागली. वीज करणाऱ्यास हेंच हवें असतें, कोळंबीला नव्हे. म्हणून पावसाळ्यांत मुद्दाम थोडा पूर सोडावा, असें शास्त्रज्ञ सुचवितात. त्यासाठीं कांहीं वीज सोडून द्यावी लागेल, आणि ती कोणी सोडावयाची हा वाद आहे. असे वाद एका ठिकाणीं बसून सुटावेत म्हणून आठहि देशांसाठीं २००४ सालीं बोट्स्वानांतील कासाने येथें करार झाला व तो २०११ सालीं अमलांत आला. त्यांतून झांबेझी आयोग स्थापन झाला. परंतु धरणाचे दरवाजे आयोगाच्या हातीं नाहींत; एकमेकांना माहिती देणें व सल्लामसलत करणें हेंच त्याचें मुख्य बळ.

शेवटीं भिंतीचीहि प्रकृति पाहिली पाहिजे. दरवाजांतून उंचावरून कोसळणाऱ्या पाण्यानें धरणाच्या पायथ्यापुढील खडक खोदून सुमारें ८० मीटर खोल डोह केला. हा डोह मागें सरकत धरणाच्या पायापर्यंत पोंचला तर काय होईल, हें सांगण्यास अभियंता नको. शिवाय काँक्रीटमधील रासायनिक क्रियेनें भिंत सावकाश फुगत असून दरवाजांच्या खांचा वांकड्या होऊं लागल्या. २०१७ सालीं डोहास विस्तृत आकार देऊन पाण्याचा मारा पसरविण्याचें व दरवाजे दुरुस्त करण्याचें मोठें काम हातीं घेण्यांत आलें. दोन्ही देशांसह युरोपीय संघ, स्वीडन, जागतिक बँक व आफ्रिकी विकास बँक यांनीं त्यास पैसा पुरविला. धरण फुटल्यास त्याचें पाणी कोणताहि करार वाचणार नव्हतें. म्हणूनच येथें सर्वांचें लवकर एकमत झालें.

करिबाचा एक धागा महाराष्ट्राशींहि जुळलेला आहे. तळें भरलें त्याच सप्टेंबर १९६३ मध्यें तेथें सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. चारच वर्षांनीं, ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे, कोयनानगर हादरलें व दीडशेहून अधिक माणसें दगावलीं. मोठ्या तळ्याचें पाणी खडकांत मुरून भूकंपास निमित्त होऊं शकतें, हें दाखविणाऱ्या उदाहरणांत करिबा व कोयना हीं दोन नांवें तेव्हांपासून जगभर शेजारींशेजारीं घेतलीं जातात.

माणूस नदी अडवितो तेव्हां तिच्याबरोबर पाऊस, खडक, शेजारी आणि पुढील पिढ्या यांनाहि तो आपल्या हिशेबांत ओढून घेतो. लुसाकाच्या कचेरींत हा हिशेब रोज मांडला जातो. तळ्याच्या कांठीं मोजपट्टी वाचून आंकडा येतो, ४७५.५० च्या रेषेवर किती पाणी उरलें तें लिहिलें जातें, आणि तो एकच आंकडा दोन्ही तीरांवर पाठविला जातो. दोन्ही तीरांनीं तो खरा मानला, तोंवर हें सामायिक तळें चालेल.